दीपमाळेच्या छप्पन्न पणत्या आणि फेझर ३: गेममधल्या रात्रीचा रिव्ह्यू

गेले आठ महिने नोकरी सांभाळून मी ब्राउझरमध्ये चालणारा एक छोटा गेम बनवतोय, आणि त्यातला एक अख्खा भाग त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री घडतो. देवळापुढची दगडी दीपमाळ, तिच्या हातांवर लावलेल्या पणत्या, अंगणात तुळशीपाशी एक दिवा, हातात कंदील घेतलेली एक मुलगी आणि वर पिठूर चांदणं. वहीत लिहिलं तेव्हा हे दोन ओळीत झालं, स्क्रीनवर आणायला मात्र अडीच महिने गेले. सगळं काम फेझर ३ मध्ये केलंय (माझ्याकडे ३.८० आहे), आणि त्याच्या लाईटिंगबद्दल एकदा सविस्तर लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, कारण मी सुरुवात केली तेव्हा कुणी मला आपल्या भाषेत हे सांगितलं असतं तर माझा निम्मा वेळ वाचला असता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फेझर म्हणजे जावास्क्रिप्टमधलं टूडी गेम फ्रेमवर्क. इंग्लंडमधल्या रिचर्ड डेव्ही यांनी २०१३ मध्ये सुरू केलं, तिसरी आवृत्ती २०१८ च्या फेब्रुवारीत आली, लायसन्स एमआयटी, म्हणजे फुकट वापरा, गेम विका, कुणी विचारत नाही. मिनिफाय केलेली (म्हणजे आवळून लहान केलेली) फाईल एक एमबीच्या जरा पुढे जाते, त्यामुळे गावाकडच्या नेटवरही गेम पटकन उघडतो, आणि माझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यात मोठा होता कारण माझे निम्मे खेळणारे गावाकडचेच आहेत. आता चौथी आवृत्तीही आहे आणि त्यात रेंडरर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारा भाग, पूर्ण नव्यानं लिहिलाय, तेव्हा खाली जे पाईपलाईन (चित्र स्क्रीनवर कसं काढायचं ती ठरलेली वाट) वगैरे शब्द येतील ते ३ चे आहेत हे लक्षात ठेवा.

तर फेझरमध्ये उजेड पाडायचे दोन तयार मार्ग आहेत आणि तिसरा आपण स्वतः जुळवायचा. मी तिन्ही वापरून बघितले, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्यानंच माझी रात्र उभी राहिली.

पहिला मार्ग लाईट२डी. स्प्राईटला, म्हणजे गेममधल्या एखाद्या वस्तूच्या किंवा पात्राच्या चित्राला, लाईट२डी ही पाईपलाईन लावायची, सीनमध्ये लाईट्स चालू करायच्या, आजूबाजूच्या उजेडाचा म्हणजे ॲम्बियंटचा रंग ठरवायचा आणि मग हवे तिथे दिवे ठेवायचे, प्रत्येकाला त्रिज्या, रंग, तीव्रता. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच, इतकं भारी दिसलं. एक भिंत, एक कंदील, आणि कंदील माऊसनं हलवला की दगडांच्या कडा एका बाजूनं उजळतात, दुसरी बाजू काळी पडते, सपाट चित्राला अचानक खोली येते. ही करामत नॉर्मल मॅपची. मूळ चित्रासोबत आणखी एक निळसर जांभळं चित्र द्यायचं, त्यात प्रत्येक पिक्सेलचा रंग सांगतो की तो पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे. एकदम सपाट जागेचा रंग लाल १२८, हिरवा १२८, निळा २५५. फेझरमध्ये इमेज लोड करताना एका नावाऐवजी दोन फायलींची यादी दिली की झालं, बाकी तो बघून घेतो. नॉर्मल मॅप नसला तरी चालतं, मग तो सगळं सपाट धरतो आणि नुसता गोल उजेड पडतो.

इथं नवीन माणूस हमखास चुकतो, मीही चुकलो. ॲम्बियंट कितीही काळं केलं तरी ज्या स्प्राईटला ती पाईपलाईन लावलेली नाही तो दिवसासारखा लख्ख दिसत राहतो. माझी अख्खी रात्र काळीनिळी आणि मध्येच एक कुत्रं दुपारच्या उन्हात उभं. एक तास मी ॲम्बियंटचे आकडे बदलत बसलो, चूक कुत्र्याच्या एका ओळीत होती. पण हाच गुण स्कोअर आणि बटणांसाठी कामाला येतो, त्यांना पाईपलाईन लावायचीच नाही, ती वाचता येतात. टाईलमॅपच्या, म्हणजे छोट्या चौकटी जोडून केलेल्या नकाशाच्या, लेयरलाही ही पाईपलाईन लागते हे विशेष चांगलं, नाहीतर टाईल्ड या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं अख्खं गाव बाजूला पडलं असतं.

आणि हो, हे सगळं वेबजीएलवरच चालतं, म्हणजे ब्राउझर ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेतो तेव्हाच. गेम साध्या कॅनव्हास मोडमध्ये गेला तर लाईट२डी नाही म्हणजे नाही.

आता दीपमाळ. माझी दीपमाळ सात थरांची, प्रत्येक थराला समोरून दिसतील असे आठ हात, म्हणजे छप्पन्न पणत्या. मुलगी एकेक लावत वर जाते. मी प्रत्येक पणतीला एक लाईट जोडला आणि चालवला. पहिल्या दहा झकास. अकरावी लावली आणि खालची एक गेली. बारावी लावली, दुसरीच गेली. मला वाटलं माझ्या कोडमध्ये वाऱ्याचा भाग काहीतरी गडबड करतोय, तो काढून टाकला तरी तेच. शेवटी डॉक्युमेंटेशन शांतपणे वाचलं, तर तिथं सरळ लिहिलेलं, मॅक्सलाईट्स ही सेटिंग मुळात दहावर असते. कॅमेऱ्याच्या मध्यापासून जे सगळ्यात जवळ ते दहा दिवे फेझर धरतो, बाकीचे त्या फ्रेमपुरते सोडून देतो. म्हणजे कॅमेरा सरकला की कुठले दहा हेही बदलतं, म्हणून माझ्या पणत्या विझत आणि पेटत होत्या.

सेटिंग वाढवता येते. मी साठ केली. लॅपटॉपवर काही फरक नाही, साठ एफपीएस, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेम. मग चुलतभावाचा फोन घेतला, चार वर्षं जुना, दहा हजाराच्या आतला, आणि तिथं बारा एफपीएस. मुलगी चालत नव्हती, घसरत होती. कारण समजून घेतलं की पटतं. या पद्धतीत शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम, प्रत्येक पिक्सेलसाठी प्रत्येक दिव्याचा हिशोब करतो. साठ दिवे म्हणजे प्रत्येक पिक्सेलला साठ फेऱ्या, आणि एका फ्रेमला वेळ असतो १६.७ मिलिसेकंद, त्यातच बाकीचा गेमही बसवायचा. दहाची मर्यादा का ठेवली असेल ते मला त्या फोनवर कळलं, आणि मला ती योग्यच वाटते.

तेव्हा लाईट२डी बद्दल माझं मत असं की चार-पाच मोजके दिवे, ज्यांच्यावर खेळणाऱ्याची नजर असणार आहे, त्यांच्यासाठी याच्याइतकं सुंदर दुसरं काही ब्राउझरमध्ये इतक्या कमी मेहनतीत मिळत नाही. हातातला कंदील, गाभाऱ्यातली समई. गर्दीसाठी हे नाही.

नॉर्मल मॅपची एक गोष्ट सांगून पुढे जातो. दगडांचं टेक्स्चर (पृष्ठभागाचं चित्र) मी एका ऑनलाईन विक्रेत्याकडून विकत घेतलं, सोबत नॉर्मल मॅप तयार. दीपमाळेवर लावलं तर काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना, दगड फुगीर दिसायच्या ऐवजी खड्डे पडल्यासारखे दिसत होते. दोन दिवस गेले. मग खऱ्या दीपमाळेचा फोटो शेजारी ठेवला. दीपमाळेत खालच्या पणतीचा उजेड वरच्या हाताच्या पोटाला लागतो, वरचा भाग काळा राहतो, आणि माझ्या गेममध्ये बरोबर उलटं, खाली दिवा आणि हाताची पाठ उजळलेली. नॉर्मल मॅपमध्ये हिरव्या चॅनलचे, जो वर-खाली दिशा सांगतो त्याचे, दोन प्रघात आहेत, ओपनजीएलवाल्यांचा वर धन आणि डायरेक्टएक्सवाल्यांचा खाली धन, आणि विक्रेत्यानं दुसरा वापरलेला, पानावर कुठंही लिहिलेलं नाही. विचारलं तर उत्तरही आलं नाही. शेवटी जिंप या फोटो एडिटरमध्ये फक्त हिरवा चॅनल इन्व्हर्ट म्हणजे उलटा केला, अर्ध्या मिनिटाचं काम. विकत घेतलेला नॉर्मल मॅप आधी एका गोट्यावर लावून बघा, दिवा डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, चारही बाजूंनी फिरवा आणि मगच कामाला घ्या.

दुसरा मार्ग पॉइंट लाईट. हा ३.५० मध्ये आला. नाव सारखं वाटलं तरी जात वेगळी. हा कुठल्याच वस्तूवर उजेड पाडत नाही, नॉर्मल मॅप बघत नाही, तो स्वतःच एक चमकता गोल म्हणून चित्रावर चढतो. म्हणून एकदम हलका, छप्पन्न काय शंभर लावले तरी त्या चुलतभावाच्या फोनला फरक पडला नाही. ज्योतीभोवतीचं तेजोवलय, मशाल, काजवे, फटाक्याचा भपका यासाठी उत्तम. पण नुसत्या याच्या जिवावर रात्र करायला गेलात तर अंधारावर केशरी धुकं पसरल्यासारखं दिसतं, कारण खालचं चित्र काळंच राहतं आणि वर नुसता रंग चढतो. दिवा लागला की भिंत दिसायला पाहिजे ना, दगडाचा रंग, शेंदूर, कोनाड्यातली काजळी, ते याच्यानं होत नाही.

मग मी तिसऱ्यावर आलो, जो फेझरचा तयार पदार्थ नाही पण त्यासाठी लागणारं सगळं सामान फेझरमध्ये आहे. जरा सविस्तर सांगतो कारण खरी गंमत इथं आहे.

आधी सगळा सीन दिवसासारखाच काढायचा. मग त्याच्यावर एक रेंडर टेक्स्चर, म्हणजे गेम चालू असताना ज्यावर चित्र काढता येतं असा कोरा कागद, घ्यायचं, कॅमेऱ्याला चिकटलेलं, ते दर फ्रेमला रात्रीच्या रंगानं भरायचं. त्यात प्रत्येक दिव्याच्या जागी एक मऊ कडांचा गोल ॲड ब्लेंडनं, म्हणजे खालच्या रंगात रंगाची बेरीज करून, काढायचा. आणि मग हे अख्खं टेक्स्चर खालच्या सीनवर मल्टिप्लाय ब्लेंडनं ठेवायचं. म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग गुणिले तिथला उजेड. बस. वेबजीएलमध्ये फेझर जे मोजके ब्लेंड मोड देतो, नॉर्मल, ॲड, मल्टिप्लाय, स्क्रीन आणि इरेज, त्यातले दोन इथं पुरतात. काही लोक इरेज वापरून काळ्या पडद्याला भोकं पाडतात, तेही चालतं आणि सोपं आहे, पण भोकातून दिवसाचा पांढरा उजेड दिसतो, पणतीचा पिवळा नाही. मल्टिप्लायमध्ये दिव्याचा रंग आपोआप येतो, दोन दिव्यांचे रंग एकमेकांत मिसळतातही.

याचा खर्च बघा. दिवा कितीही मोठा असो, तो म्हणजे फक्त एक मऊ गोलाचं चित्र. छप्पन्न पणत्या म्हणजे छप्पन्न छोटी चित्रं आणि वर एक मल्टिप्लाय. त्यातही अंधाराचं टेक्स्चर पूर्ण आकाराचं ठेवायची गरज नाही. माझा गेम १२८० बाय ७२० चा, म्हणजे ९ लाख २१ हजार ६०० पिक्सेल, आणि अंधाराचं टेक्स्चर ३२० बाय १८०, म्हणजे ५७ हजार ६००, सोळावा हिस्सा. ते चौपट ताणून लावायचं. उजेड मऊच असतो, ताणलेलं कळत नाही. फक्त गेम पिक्सेल आर्ट मोडमध्ये असेल तर त्या एका टेक्स्चरचं फिल्टर लिनियर (म्हणजे ताणताना कडा मऊ ठेवणारं) करायला विसरू नका, नाहीतर चांदण्याला चौकोनी पायऱ्या पडतात. त्या फोनवर हे सगळं लावून अठ्ठावन्न ते साठ एफपीएस मिळाले. बारावरून साठ! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन जागा जपायच्या. गोल काढताना दिव्याच्या जागेतून कॅमेऱ्याचा स्क्रोल वजा करायचा आणि मग चारनं भागायचं, स्क्रोल विसरलात तर मुलगी पुढे जाते आणि कंदिलाचा उजेड मागेच राहतो. आणि प्रत्येक गोलासाठी वेगळा ड्रॉ कॉल (चित्र काढायची आज्ञा) करू नका, बिगिन ड्रॉ, मग बॅच ड्रॉ, शेवटी एंड ड्रॉ असा एका दमात करा, यानं माझ्याकडे बराच फरक पडला. आणखी एक, गुणाकारात उजेड एकाच्या (२५५ म्हणजे एक धरून) पुढे जात नाही, म्हणजे मल्टिप्लायनं मूळ चित्रापेक्षा जास्त उजळ काहीच होत नाही. म्हणून ज्योत स्वतः मात्र अंधाराच्या वरच्या थरात, ॲड ब्लेंडमध्ये. इथं पॉइंट लाईट कामाला आला. खाली मल्टिप्लायचा अंधार, वर छप्पन्न पॉइंट लाईट्सची वलयं, आणि कंदिलासाठी तेवढा लाईट२डी, तोही फक्त दीपमाळ आणि देवळाच्या भिंतीवर, ॲम्बियंट पांढरं ठेवून चालत नाही म्हणून जरा कमी करून. तिन्ही मार्ग एकत्र आले तेव्हा कुठं ती रात्र वाटायला लागली.

आता रंग. हा भाग कुठल्याच फ्रेमवर्कच्या मदतीत नसतो आणि माझ्या मते रात्र इथंच फसते किंवा जमते. सुरुवातीला मी नुसता काळा पडदा टाकला होता, सत्तर टक्के काळा. दिसायला रात्र नाही, ब्राइटनेस कमी केलेली दुपार दिसली. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा साधारण चार लाख पट मंद असतो, एवढ्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग बघणाऱ्या पेशी जवळजवळ थांबतात आणि दुसऱ्या काम करायला लागतात, ज्यांना निळा हिरवा बरा दिसतो आणि लाल दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं हे नोंदवलं, त्याच्याच नावानं हा परिणाम ओळखला जातो. चांदणं प्रत्यक्षात निळं नसतंच, तो चंद्रावरून परत आलेला सूर्यप्रकाश, आपल्या डोळ्यांना ते तसं वाटतं.

म्हणून चांदण्याचा रंग मी ठेवला लाल ६०, हिरवा ७५, निळा ११५. आणि याची जादू कुठं दिसली माहितीये, मुलीच्या परकरावर. परकर लाल, २००, ३०, ३०. चांदण्याशी गुणाकार झाला की होतो ४७, ९, १४, म्हणजे जवळजवळ काळा. आजीच्या घरी अंगणात चांदण्यात बसलं की लाल सतरंजी काळी दिसायची, अगदी तसा. आणि कंदील जवळ आणला, ज्याचा रंग २५५, १७०, ८०, की परकर पुन्हा लालभडक. मी यासाठी एक ओळही वेगळी लिहिलेली नाही, गुणाकारातून ते आपसूक आलं. सीनमध्ये मुलगी तुळशीपासून कंदील उचलते तो क्षण मी किमान शंभर वेळा बघितला असेल.

एक दोष मात्र दिसतो आणि तो सगळ्यांनाच येणार. अंधाऱ्या भागात उजेड हळूहळू उतरताना गोल गोल रेघा दिसतात. कारण सोपं आहे, प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या, आणि अंधारात उजेड समजा ४० वरून २० वर येतोय, तर मध्ये फक्त वीस पायऱ्या, त्या तीनशे पिक्सेलवर पसरल्या की प्रत्येक पट्टा पंधरा पिक्सेलचा, डोळ्याला कळतो. उपाय म्हणून मी अगदी फिकट कणांचं, म्हणजे नॉइजचं एक टेक्स्चर वरून टाकलं, पट्टे मोडले. वर आणखी फायदा म्हणजे अंधारात जो एक खरखरीतपणा असतो तोही आला.

फ्लिकर, म्हणजे ज्योतीची थरथर. इथं मला फेझरपेक्षा गावानं जास्त शिकवलं. पहिला प्रयत्न सगळ्यांसारखा, दर फ्रेमला रँडम आकडा. पणती न वाटता स्टार्टर गेलेली ट्यूबलाईट वाटली. मग साईनच्या दोन-तीन लाटा एकत्र केल्या, बरं वाटलं पण छप्पन्न पणत्या प्रत्येक आपापल्या नादात थरथरताना बघून काहीतरी खोटं वाटत होतं. गेल्या त्रिपुरीला गावी गेलो तेव्हा दीपमाळेसमोर उभा राहून फोनवर स्लो मोशनमध्ये शूट केलं आणि घरी येऊन फ्रेम फ्रेम बघितलं. वारा नसताना ज्योत जवळपास हलतच नाही, सरळ उभी असते, टोक तेवढं किंचित लांबतं आखडतं. आणि झुळूक आली की सगळ्या ज्योती एकाच बाजूला वाकतात, डावीकडच्या आधी, मग मधल्या, मग उजवीकडच्या, शेतात पीक वाकतं तशी लाट जाते. खांबाच्या आडोशाला असलेल्या तशाच शांत. आणि वाकलेली ज्योत उजेड कमी देते, सरळ झाली की क्षणभर नेहमीपेक्षा मोठी होते आणि मग बसते.

तेवढंच कोडमध्ये लिहिलं. एकच वारा, एक आकडा, तो डावीकडून उजवीकडे सरकतो, प्रत्येक पणती आपल्या जागेप्रमाणे थोडी उशिरा तो वाचते, आडोशाच्या पणत्यांना तो पाव पोचतो. रँडम जवळजवळ काढूनच टाकला. फेझरचे ट्वीन्स (आकडा हळूहळू बदलत नेणारी तयार सोय) वाऱ्यासाठी मी वापरले नाहीत, अपडेटमध्येच साधं गणित केलं, पण परत मोठी होऊन बसणारी ती ज्योत मात्र ट्वीनच्या इलॅस्टिक इझिंगनं, म्हणजे रबरासारख्या चालीनं, छान आली.

सावल्या. इथं सरळ सांगतो, लाईट२डी सावली पाडत नाही. उजेड भिंतीतून आरपार जातो. ३.६० मध्ये ग्लो, ब्लूम, व्हिन्येट असे बरेच इफेक्ट आले, व्हिन्येट (स्क्रीनच्या कडा काळवंडणारा) मी हलकासा वापरतोही, ब्लूम फोनवर जड गेला म्हणून काढला, पण सावली त्यात नाही. ज्यांच्या गेमचा सगळा खेळच सावल्यांवर आहे, लपाछपी, चोर शिपाई, त्यांनी गोडो या दुसऱ्या गेम इंजिनकडे बघावं, तिथं टूडी दिव्यांना अडथळे लावून खरी सावली मिळते. वेबसाठी आधी त्याला सर्व्हरवर खास हेडर लावावे लागायचे, ४.३ पासून ती अट सुटली, तरी डाउनलोड फेझरपेक्षा बराच मोठा, आणि माझ्या गावच्या नेटचा विचार करून मी तिकडे गेलो नाही. फेझरमध्ये रेकास्टिंग करून दिव्यापासून भिंतींच्या कोपऱ्यांपर्यंत रेषा काढून तो आकार मास्क म्हणून, म्हणजे उजेड तेवढ्यातच दिसेल असा, लावता येतो, मी फक्त गाभाऱ्यात एका समईसाठी केलं, जमलं, पण दोन शनिवार रविवार गेले.

बाहेरच्या सावल्यांसाठी सोपा जुगाड. स्प्राईटची दुसरी प्रत, पूर्ण काळी, पस्तीस टक्के दिसेल अशी, उलटी करून पायाशी ठेवलेली. दिसायला छान, लांबलचक सावल्या, मला फार आवडल्या होत्या. बाबांना दाखवलं तर ते जवळ येऊन बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, गेममध्ये किती वाजलेत?" मी म्हटलं बारा. "मग सावली एवढी लांब कशी? कार्तिकातला चंद्र बाराला डोक्यावर असतो, सावली पायात पाहिजे." बरोबरच होतं त्यांचं. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो, म्हणजे दिवे लावायच्या वेळी सावल्या पश्चिमेला लांब, आणि मध्यरात्री जवळजवळ पायाखाली, हिवाळ्यातली पौर्णिमा तर आपल्याकडे आणखीच उंच. आता गेममध्ये सावलीची लांबी वेळेप्रमाणे बदलते. सगळ्या पणत्या लागेपर्यंत सावल्या हळूहळू आखडत येतात. खेळणाऱ्या कुणाच्या हे लक्षात येईल की नाही ठाऊक नाही, पण बाबांच्या येईल.

डॉक्युमेंटेशनबद्दल. फेझरची उदाहरणं भरपूर आहेत, ब्राउझरमध्येच चालवून, आकडे बदलून बघता येतात, लाईट्सचा वेगळा विभाग आहे. शिकायला यापेक्षा चांगली सोय मी दुसऱ्या कुठल्या फ्रेमवर्कमध्ये बघितली नाही. फक्त नेटवर जुने लेख खूप सापडतात आणि ३.५० मध्ये पाईपलाईनचं बरंच काही बदललंय, तेव्हा एखादा कोड चालला नाही तर आधी तो कुठल्या आवृत्तीचा ते बघा.

आणि एक विनंती, गेम बनवणाऱ्या सगळ्यांना. रात्रीचा सीन रात्री, खोलीत अंधार करून, लॅपटॉपवर बनवला जातो आणि खेळला जातो दुपारी एसटीत खिडकीजवळ, फोनवर. माझ्या बहिणीनं तसाच खेळून मेसेज केला, "दादा, काहीच दिसत नाहीये, काळा स्क्रीन आहे नुसता." तेव्हापासून सेटिंगमध्ये अंधाराची एक पट्टी दिलीये, ती फक्त चांदण्याचा रंग वर खाली करते, दिव्यांना हात लावत नाही. मल्टिप्लायच्या पद्धतीत हे एका आकड्याचं काम आहे. लाईट२डी वापरत असाल तर ॲम्बियंटला बांधा. पण द्याच, ज्यांची नजर कमी आहे त्यांनाही खेळता येतं.

पाचपैकी चार स्टार देतो. लाईट२डी दिसायला साडेचार आहे, सावली नाही म्हणून अर्धा गेला, पॉइंट लाईटला पूर्ण पाच. नवशिक्यानं सुरुवात करायची असेल तर एक भिंत, एक दिवा, नॉर्मल मॅप घालून लाईट२डी करून बघा, एका संध्याकाळी होतं. मग मल्टिप्लायचा थर शिका. फोन मात्र पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा, शक्यतो घरातला सगळ्यात जुना. चुलतभावाचा तो फोन अजून माझ्याच टेबलावर आहे, त्याला मी नवीन घेऊन देणार असं कबूल केलंय.